रिव्ह्यू : जेम्स टोनीच्या जुन्या फाइट्स, आणि हा माणूस खरंच अंडररेटेड आहे का

गेला दीड महिना रोज रात्री एक फाइट, असं करत जेम्स टोनी या अमेरिकन बॉक्सरच्या यूट्यूबवर मिळाल्या तेवढ्या सगळ्या फाइट्स बघून काढल्या, आणि हायलाइट्स नाही हं, अख्ख्या फाइट्स, पहिल्या घंटेपासून निकाल वाचेपर्यंत. कारण एकच. बॉक्सिंगच्या गप्पा सुरू झाल्या की टोनीचं नाव निघतंच आणि दरवेळी तेच वाक्य कानावर येतं, काय टॅलेंट होतं यार त्याच्यात, पण शिस्त नव्हती, वाया गेला. मी पण वर्षानुवर्षं हेच म्हणत आलोय. सगळं सलग बघितल्यावर मात्र मला ते वाक्य पटेनासं झालंय, म्हणून एखादी वस्तू महिनाभर वापरल्यावर लिहितात तसा हा रिव्ह्यू लिहितोय, काय मिळतं, कुठे निराशा होते, कुठून सुरुवात करायची आणि एवढा वेळ घालवायच्या लायकीचं आहे का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, आहे, बिनधास्त बघा. फाइट्सना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. रेकॉर्डिंगला तीन.

रेकॉर्डिंगचं पटकन सांगून टाकतो. १९९१ ते १९९४ मधल्या बऱ्याच फाइट्स कोणीतरी टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेल्या आणि तिथून वर चढवलेल्या आहेत, रंग उडालेले, मधेच चित्र थरथरतं, काही ठिकाणी आवाज पुढे आणि चित्र मागे. एका ठिकाणी तर मॅककॅलमबरोबरच्या पहिल्या फाइटचे मधले दोन राउंडच गायब होते, आणि ते फाइट संपताना लक्षात आलं, मग दुसरीकडून शोधून सगळं परत बघितलं. त्यामुळे बघायला बसायच्या आधी व्हिडिओची लांबी तपासा, बारा राउंडची फाइट पाऊण तासाच्या आत संपत नाही, त्यापेक्षा छोटी दिसली तर काहीतरी कापलंय हे नक्की. अजून एक, पहिल्यांदा कॉमेंट्री लावून बघा आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून. टोनीच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे, कारण कॉमेंट्री करणारे जो जास्त हात फेकतो त्याच्या मागे धावतात, आणि टोनीचं निम्मं काम हे समोरच्याचे हात वाया घालवण्याचं असतं. आवाज बंद केला की मग दिसायला लागतं की समोरच्याचे दहातले सात पंच खांद्यावर, कोपरावर नाहीतर हवेत गेलेत.

ज्यांना माणूस माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६८, मिशिगन राज्यातलं ग्रँड रॅपिड्स, वाढला ॲन आर्बरमध्ये. टोपणनाव लाइट्स आउट. मॅनेजर जॅकी कॅलन, म्हणजे त्या काळात या धंद्यात क्वचितच दिसणारी बाई मॅनेजर, आणि ट्रेनर बिल मिलर, डेट्रॉइटकडचा जुन्या वळणाचा माणूस. टोनीचं बॉक्सिंग बघताना सारखं वाटतं की हा १९४०-५० च्या काळातून उचलून आणलाय, त्याचं बरंचसं श्रेय या मिलरला जातं. मिडलवेट, सुपर मिडलवेट आणि क्रूझरवेट अशा तीन वजनी गटांत आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेचा वर्ल्ड टायटल. पहिला टायटल घेतला १६० पाउंडांच्या गटात, म्हणजे साडेबहात्तर किलो, आणि २००६ मध्ये हॅवीवेट टायटलसाठी उतरला तेव्हा काट्यावर २३७ पाउंड, एकशे सात किलो. मधले पस्तीस किलो हीच लोकांच्या लेखी त्याची सगळी गोष्ट. माझं म्हणणं आहे की ही गोष्ट अर्धीच आहे.

सुरुवात मायकल नन फाइटपासून करा. १० मे १९९१, आयोवामधलं डॅवनपोर्ट, ननचं स्वतःचं गाव, स्वतःची पब्लिक. नन तेव्हा एकही फाइट न हरलेला, १९८८ पासून चॅम्पियन, उंच, डावखुरा, पायांनी इतका चपळ की त्याला गाठणं म्हणजे समोरच्याच्या नाकी नऊ यायचे. टोनी बावीस वर्षांचा, पैज लावणाऱ्यांनी त्याला मोजलंच नव्हतं. पहिले सहा-सात राउंड बघताना तुम्हालाही वाटेल की हा पोरगा कुठून आणलाय, नन जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच) मारतोय, बाजूला सरकतोय, पॉइंट घेतोय आणि टोनी आपला एकेक पाऊल टाकत त्याच्या मागे मागे जातोय. पण टोनीचा चेहरा बघा. घाई नाही, चिडचिड नाही. मधूनच एक उजवा ननच्या बरगडीत, मधूनच एक छातीवर. आठव्या राउंडनंतर ननचे पाय तेवढे उडत नाहीत हे दिसायला लागतं, आणि अकराव्यात एक डावा हुक (बाजूने वळून येणारा पंच) असा बसतो की नन पाठीवर पडतो. तो उठतो खरा पण टोनी त्याला परत उभं राहायची संधीच देत नाही, फाइट तिथेच संपते. त्या वेळी तिन्ही जजेसच्या गुणांच्या कार्डावर नन पुढे होता. म्हणजे दहा राउंड हरत असलेला बावीस वर्षांचा पोरगा दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या पब्लिकसमोर, एकदाही घाबरून हात फेकत नाही, आपली पद्धत सोडत नाही. याला शिस्त नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

माझा सगळा मुद्दा हाच आहे. शिस्त म्हणजे आपण फक्त वजनकाटा, पहाटेचं धावणं आणि जेवणावरचा ताबा एवढंच धरतो. त्या हिशेबात टोनी नापास, यात वादच नाही. पण घंटा वाजल्यावरची शिस्त म्हणून एक वेगळी गोष्ट असते, हात मारला की तो परत जागेवर येणं, मार खाल्ला तरी हनुवटी खाली राहणं, समोरचा डिवचत असताना आपला पंच राखून ठेवणं, दमलेला असतानाही पाय चुकीच्या जागी न टाकणं. यात टोनी माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांतल्या पहिल्या चार-पाचांत येतो. लोक त्याची एक बेशिस्त बघून दुसरी शिस्त विसरतात, आणि त्या दुसऱ्या शिस्तीला टॅलेंट असं नाव देऊन मोकळे होतात, जणू काही ते जन्मतःच अंगात होतं. तसं ते कोणाच्याच अंगात नसतं, हजारो राउंड स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती, केल्याशिवाय असं येत नाही.

खांदा बघा त्याचा, यालाच शोल्डर रोल म्हणतात. डावा हात खाली, पोटावर आडवा, उजवा हनुवटीजवळ उघडा, डावा खांदा वर येऊन जबडा झाकतोय. समोरच्याचा उजवा आला की टोनी मागे पळत नाही, फक्त कमरेतून थोडं उजवीकडे वळतो, पंच खांद्यावरून घासत पुढे जातो, आणि त्याच वळण्यात त्याचा स्वतःचा उजवा खांदा मागे ताणला गेलेला असतो, सोडायचाच बाकी. म्हणजे अडवणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत, एकच हालचाल जाताना ढाल आणि येताना तलवार. फ्लॉइड मेवेदरने पण हीच पद्धत वापरली पण तो बहुतेक वेळा ती वापरून निसटायचा, अंतर ठेवायचा. टोनी मात्र समोरच्याच्या छातीला छाती लावून, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे ठेवून तिथेच उभा राहायचा आणि तिथेच खेळायचा. मी दोन-तीन वर्षं हौसेने बॉक्सिंग शिकलोय, हा खांदा वळवायचा प्रकार स्पॅरिंगमध्ये करून बघितलाय, आणि त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही की उजवा पंच खांद्यावर झेलला की लगेच मागून येणारा डावा हुक दिसतच नाही, कारण तुमचीच मान तिकडे वळलेली असते. टोनी तो हुक डोकं दोन इंच खाली घेऊन घालवायचा, न बघता, समोरच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखून. पहिल्यांदा बघताना हे नजरेतून सुटतं, मी ०.५ स्पीडवर बघितलं तेव्हा कळलं की तो दरवेळी तेच करतोय आणि योगायोग काहीच नाहीये.

याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे माइक मॅककॅलमबरोबरच्या फाइट्स. मॅककॅलम जमैकाचा, शरीरावर मारा करण्यात उस्ताद, डोकं एकदम शांत, तेव्हा पस्तीस वर्षांचा आणि टोनी तेवीसचा. पहिली डिसेंबर १९९१ मध्ये अटलांटिक सिटीत, बरोबरीत सुटली. दुसरी ऑगस्ट १९९२ मध्ये, टोनी पॉइंट्सवर जिंकला. पहिली नक्की बघा, दोन माणसं बारा राउंड एकमेकांच्या हाताच्या अंतरात उभी आहेत आणि तरी कोणाचाच पंच सरळ बसत नाहीये, प्रत्येक पंचाला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. बाराव्या राउंडच्या शेवटी टोनीने मॅककॅलमला असं हलवून सोडलं की अजून थोडा वेळ असता तर निकाल वेगळा लागला असता. माझ्या हिशेबाने टोनी एका पॉइंटने पुढे होता पण बरोबरीवर तक्रार नाही. बॉक्सिंग शिकणाऱ्या कोणालाही एकच फाइट दाखवायची झाली तर मी हीच दाखवेन.

टिम लिटल्सबरोबरची फाइट, मार्च १९९४, छोटी आहे पण चुकवू नका. लिटल्सही तोपर्यंत न हरलेला. डोक्याला डोकं लागून टोनीच्या डोळ्यावर मोठी जखम झाली, रक्त थांबेना, आणि डॉक्टरने सांगितलं की अजून एकच राउंड बघतो. आता अशा वेळी बहुतेक बॉक्सर काय करतील? धावत जाऊन हात फिरवतील. टोनी चौथ्या राउंडमध्ये बाहेर आला, जोर वाढवला हे खरं, पण एकेक पंच जागेवर, हनुवटी जागेवर, आणि त्याच राउंडमध्ये फाइट संपवली. डोळ्यात रक्त असताना ज्याला आपली जागा सुटू द्यायची नाही हे कळतं त्याला मी बेशिस्त म्हणू शकत नाही.

आता निराशेच्या जागा, कारण त्या आहेत आणि लपवण्यात अर्थ नाही. नननंतर महिना-दीड महिन्यात रेगी जॉन्सनबरोबरची फाइट, तिथे टोनी दुसऱ्या राउंडमध्ये खाली पडला आणि शेवटी जेमतेम स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोन जजेसच्या मतावर वाचला. त्याहून वाईट म्हणजे फेब्रुवारी १९९२ मधली डेव्ह टिबेरीबरोबरची. ही मी दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा माझ्या कार्डावर टिबेरी जिंकला. टोनी जड दिसतो, हात उशिरा सुटतात, राउंडच्या शेवटच्या मिनिटात नुसता खांद्यावर वेळ काढतोय. निकाल स्प्लिट डिसिजनने टोनीकडे गेला, इतका गोंधळ झाला की टिबेरीच्या राज्यातल्या, डेलावेअरच्या सिनेटरने चौकशी लावून धरली, आणि टिबेरी त्यानंतर कधी रिंगमध्येच उतरला नाही. टोनी न हरलेला राहिला तो आकडा बघताना ही फाइट मनात वजा करा. मी करतो.

पण एक सांगा, नन ते रॉय जोन्स (ती फाइट पुढे येतेच) या साडेतीन वर्षांत तो दीड डझनाच्या आसपास वेळा रिंगमध्ये उतरला. त्यात मॅककॅलम दोनदा, त्यात थॉमस हर्न्ससारख्या दिग्गजाला दोनदा हरवलेला इरान बार्कली, ज्याच्याकडून १९९३ मध्ये सुपर मिडलवेटचा टायटल घेताना टोनीने त्याला इतकं मारलं की नवव्या राउंडनंतर बार्कलीच्या कोपऱ्यानेच, म्हणजे त्याच्या ट्रेनर मंडळींनीच, थांबवलं, त्यात आधी लाइट हॅवीवेट चॅम्पियन राहिलेला चार्ल्स विल्यम्स, ज्याला बाराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. आजचे चॅम्पियन वर्षाला एक, फार तर दोन फाइट करतात. एवढ्या सारख्या सारख्या फाइट करणाऱ्या माणसाला आळशी म्हणताना जरा विचार करावा. त्याचा आळस दोन फाइट्सच्या मधल्या आठवड्यांत होता, रिंगमध्ये नव्हता.

मग येतो १८ नोव्हेंबर १९९४, लास वेगास, एमजीएम ग्रँड, रॉय जोन्स ज्युनियर. टोनीची सगळी ओळख या एका रात्रीवर अडकलीये. तोपर्यंत टोनी ४४ विजय, दोन बरोबरी, पराभव नाही. मर्यादा १६८ पाउंड, आणि तिथपर्यंत यायला त्याला कॅम्पमध्ये प्रचंड वजन उतरवावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे, चेहऱ्यावर पण दिसतं, गाल आत गेलेले, डोळ्यांत जान नाही. तिसऱ्या राउंडमध्ये जोन्स हात खाली सोडून कोंबड्यासारखा मान पुढे काढून डिवचतो, टोनी पण तशीच पोज घेऊन उत्तर द्यायला जातो आणि त्याच क्षणी जोन्सचा डावा हुक, टोनी मागे दोरीत कोलमडतो, काउंट मिळतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टोनी स्वतःची शिस्त सोडताना दिसतो, घंटा वाजल्यावरची, आणि तिथेच मार खातो. पुढचे नऊ राउंड जोन्स त्याला जवळ येऊ देत नाही. तिन्ही जजेसनी जोन्सला मोठ्या फरकाने दिली, बरोबर दिली.

लोक इथे दोन टोकांना जातात. एक म्हणतात वजनामुळे हरला, नाहीतर जिंकला असता. दुसरे म्हणतात एवढाच होता तो, मोठ्या रात्री उघडा पडला. मी ही फाइट या वेळी तीनदा बघितली आणि मला दोन्ही पटत नाहीत. वजन नीट असतं तर फाइट जास्त चुरशीची झाली असती, टोनीने मधले दोन-तीन राउंड अजून घेतले असते, पण १९९४ चा जोन्स कोणालाच सापडत नव्हता, त्याचा वेग असा होता की खांदा वळेपर्यंत तो तिथून गेलेला असायचा, आणि टोनीची पद्धत ही समोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी बनलेली आहे. वजनाचं कारण पुढे करणं हा जोन्सवर अन्याय आहे. आणि खरं तर टोनीवरही, कारण मग आपण त्याला जर-तरमध्ये मोजायला लागतो आणि जे प्रत्यक्षात केलं ते बाजूला पडतं.

पुढची काही वर्षं बघायला जड जातात. १९९५ च्या फेब्रुवारीत माँटेल ग्रिफिनकडून हार, १९९६ मध्ये परत ग्रिफिनकडून, १९९७ मध्ये ड्रेक थाड्झीकडून. ग्रिफिनच्या दोन्ही फाइट्स जवळच्या होत्या, तरीही टोनीने त्या हरू नयेत असं वाटतं. मग १९९९ पर्यंत तो रिंगमध्येच नाही. वयाची एकोणतीस-तिशी, बॉक्सरचा सगळ्यात भरातला काळ. हे कोणी त्याच्याकडून हिसकावून नेलं नाही, त्याने स्वतः घालवलं, आणि इथे मी त्याची बाजू घेणार नाही. मी जिथे शिकायचो तिथे एक मुलगा होता, आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, स्पॅरिंगमध्ये त्याला हात लावता यायचा नाही कोणाला, पण आठवड्यातले तीन दिवस गायब, आला की उशिरा, दोरीवरच्या उड्या नकोत, धावणं नको. कोच त्याच्यावर ओरडायचा नाही, नुसता त्याच्याकडे बघत उभा राहायचा. ते बघणं मला आठवतं अजून. दुसऱ्या ग्रिफिन फाइटच्या शेवटच्या दोन राउंडमध्ये टोनीला काय करायचं ते सगळं दिसतंय, डोळे बरोबर जागी जातायत, खांदा बरोबर वळतोय आणि हात अर्ध्या सेकंदाने उशिरा येतोय. ते बघताना मला त्या कोचचा चेहरा आठवत होता.

आणि मग २००३. सगळ्यांनी सोडून दिलेला माणूस, चौतीस वर्षांचा, आता ट्रेनर फ्रेडी रोचबरोबर काम करतोय. एप्रिलमध्ये कनेक्टिकटमधल्या फॉक्सवूड्सला वासिली जिरोव्हबरोबर १९० पाउंडांचा क्रूझरवेट टायटल. जिरोव्ह कझाकस्तानचा, डावखुरा, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, प्रोफेशनलमध्ये एकही हार नाही, आणि पोटावर असा मारायचा की समोरची माणसं सहाव्या राउंडला वाकायची. ही फाइट म्हणजे या सगळ्या दीड महिन्याची वसुली. जिरोव्ह तीन मिनिटं न थांबता मारतोय आणि टोनी त्याच्या छातीत शिरून खांद्यावर, कोपरावर झेलतोय, मग एक छोटासा उजवा अपरकट (खालून वर जाणारा पंच), एक छोटा हुक, जास्तीत जास्त एक फूट अंतरातून. बारावा राउंड सुरू होताना दोघंही संपलेत. शेवटची काही सेकंद उरली असताना टोनी जिरोव्हला खाली पाडतो. चौतीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस बाराव्या राउंडच्या शेवटी चॅम्पियनला पाडतोय, तर त्याच्यात दम नव्हता असं म्हणणाऱ्यांनी ही फाइट बघितलेली नसावी. ऑक्टोबरमध्ये लगेच हॅवीवेटमध्ये इव्हॅंडर होलीफील्ड, तेव्हा चाळीशीचा, उतरणीला लागलेला हे मान्य, पण नवव्या राउंडमध्ये पोटात मारून खाली बसवला आणि होलीफील्डच्या कोपऱ्याने फाइट थांबवली. रिंग मॅगझिनने १९९१ चा फायटर ऑफ द इयर टोनीला दिला होता, २००३ चाही टोनीलाच दिला. मधे बारा वर्षं. दोन वेगळ्या जमान्यांत, दोन वेगळ्या शरीरांत, एकच डोकं आणि तोच खांदा.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. एप्रिल २००५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन रुईझला हरवून हॅवीवेट टायटल घेतला, आणि मग टेस्टमध्ये नँड्रोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं, निकाल रद्द, नो कॉन्टेस्ट, म्हणजे ना जीत ना हार. तो निकाल राहिला असता तर बॉब फिट्झसिमन्स आणि रॉय जोन्स यांच्यानंतर मिडलवेट आणि हॅवीवेट दोन्हीकडे चॅम्पियन झालेला तो तिसरा माणूस ठरला असता, आणि जोन्सनेही हॅवीवेट घेतला तो याच रुईझकडून, दोन वर्षं आधी. २००७ मध्ये परत टेस्टमध्ये सापडला. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा डाग आहे, जाडेपणापेक्षा कितीतरी मोठा, कारण वजन हा स्वतःवरचा अन्याय असतो आणि हे समोरच्यावरचा. ज्यांना वाटतं की यामुळे सगळंच खोटं ठरतं त्यांच्याशी मी भांडणार नाही. मी एवढंच करतो की २००५ नंतरचं काहीच हिशेबात धरत नाही, ना रहमानबरोबरची बरोबरी, ना सॅम्युअल पीटरबरोबरच्या दोन हारी, आणि २०१० मध्ये यूएफसीत, म्हणजे लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींत, जाऊन रँडी कूचरकडून पहिल्याच राउंडमध्ये आटपला ते तर बघूच नका, त्यात बॉक्सिंग नाहीच. त्यानंतरही तो २०१७ पर्यंत लढत राहिला, शेवटच्या मुलाखतींमध्ये त्याचं बोलणं जड झालेलं ऐकलं की पोटात कालवतं.

तर अंडररेटेड आहे का? कलेच्या बाबतीत नाही, शोल्डर रोलचं नाव निघालं की पहिला तोच आठवतो, बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्येही २०२२ च्या यादीत आला, रॉय जोन्सच्याच बरोबर. हॅवीवेट म्हणून तर थोडा ओव्हररेटेडच आहे, तिथल्या त्याच्या कौतुकात हा एवढासा माणूस एवढ्या मोठ्यांशी लढतोय हे आश्चर्य जास्त आहे. पण १९९१ ते १९९४ चा मिडलवेट आणि सुपर मिडलवेट म्हणून तो नक्की अंडररेटेड आहे, आणि ठामपणे सांगतो. त्या काळातल्या त्याच्या विजयांची यादी जोन्सच्या त्याच काळातल्या यादीशेजारी ठेवा, टोनीची जास्त वजनदार आहे, नन, मॅककॅलम, बार्कली, लिटल्स, विल्यम्स. एका रात्रीच्या हारीने ती यादी लोकांच्या डोक्यातून पुसली गेली.

खरा वाया गेलेला बघायचा तर हॅवीवेट रिडिक बो बघा. १९९२ मध्ये होलीफील्डला हरवून निर्विवाद चॅम्पियन, २३५ पाउंड, आणि वर्षभरात त्याच होलीफील्डसमोर २४६ पाउंडांचा होऊन उतरला आणि टायटल घालवला, एडी फचसारखा ट्रेनर शेवटी त्याला सोडून गेला. बो जड झाला की त्याचं बॉक्सिंगही जड व्हायचं, हात लवकर खाली यायचे, जॅब बंद व्हायचा. टोनी जड झाला की फक्त पाय जड व्हायचे, खांदा, डोळे, अंतर सगळं तसंच राहायचं. वाया गेला हा शब्द दोघांना सारखाच लावतात तेव्हा मला राग येतो.

कोणी घ्यावं हे? ज्यांना नॉकआउटच बघायचेत त्यांना कंटाळा येईल, त्यांनी बार्कली आणि लिटल्स बघून सोडून द्यावं. ज्यांना थोडं तरी बॉक्सिंग कळतं किंवा शिकायचंय त्यांनी नन, मग पहिला मॅककॅलम, मग लिटल्स, मग जोन्स या क्रमाने जावं, टिबेरी पण बघावी, आपली बाजू कच्ची कुठे आहे ते माहीत असलेलं बरं, आणि ग्रिफिन एखादीच. जिरोव्ह शेवटी ठेवा. ती बघताना अकराव्या राउंडनंतर टोनी स्टुलावर बसतो तेव्हा जरा थांबवा आणि हात बघा त्याचे, मांडीवर पडलेत, उचलवत नाहीयेत, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मग व्हिडिओ चालू करा. घंटा वाजते, तो उठतो, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधीच डावा हात पोटावर आडवा गेलेला असतो, उजवा हनुवटीजवळ, खांदा वर.